पार्ट उलटा करून दाखव

जपानमावशी जपानला कधीच गेली नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर बसून ती तिकडचे गाड्यांचे पार्ट मागवायची, आणि पार्ट निवडायची मात्र मासळीसारखे. फोनवर आलेला चकचकीत फोटो तिला कधी पटला नाही. मालवणीत बोलायची, फोन त्याचं भाषांतर करायचा, आणि तिकडच्या विक्रेत्याला दर वेळी तोच निरोप जायचा: "पार्ट उलटा करून दाखव." आम्ही हसलो की म्हणायची, "बांगडोसुद्धा कल्लो उघडून बघल्याशिवाय घेणंय नाय, मगे ह्यो पार्ट कसो घेऊ?"

तिचा नवरा गॅरेजवाला. तो गेला, गॅरेज बंद झालं. पण ज्या जुन्या जपानी गाड्यांचं सामान इथं मिळेनासं झालं होतं, त्यांचे मालक तिचं दार ठोठावत राहिले. वापरलेल्या प्रत्येक पार्टवर ती पिवळ्या रंगाचा पट्टा ओढायची, म्हणजे पुढे कुणी तो नवा म्हणून विकू नये. जुनं काय आणि नवं काय, याचा तिचा कायदा एका ओळीचा होता: "जीव टांगलेलो आसा थंय नवो. दार, दिवो, आरसो जुनो चलता." नवा म्हणजे गाडीच्या कंपनीचाच हवा, असा तिचा हट्ट नव्हता. दुसऱ्या चांगल्या कारखान्याचा चालेल, पण कोरा.

आमच्या चाळीच्या गणपती मंडळाची रुग्णवाहिका म्हणजे अशीच एक जुनी जपानी व्हॅन. माझे आजोबा आठवड्यातून तीनदा तिच्यातून डायलिसिसला जायचे. एक दिवस तिचे ब्रेक लागेनासे झाले. ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर गेला होता. मेकॅनिक म्हणाला, "इकडे मिळणार नाही. भंगारात काढा." मावशी म्हणाली, "थांबा जरा."

एरवी ती गाडीची मॉडेल नंबरची पाटी स्वतः घासूनपुसून वाचल्याशिवाय ऑर्डर देत नसे. पण ही गाडी घरची. याच गाडीतून तिचा नवरा शेवटचा गेला होता. दर वर्षी गणपतीआधी पोरं व्हॅन रंगवत, आणि बॉनेटखालच्या पाटीवरूनही ब्रश फिरवत. रंगाच्या त्या थरांवरून बोट फिरवून मावशीनं मॉडेलचे आकडे वाचले आणि नवा सिलिंडर मागवला.

कित्येक आठवड्यांनी खोका आला. सिलिंडर कोरा, सुंदर, आणि चुकीचा. बोल्टची भोकंच जुळेनात.

"भोकं मोठी करू नि बसवू," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "पेशंट खोळंबलेत, मावशी."

"ब्रेकाक जुगाड? तुमची आई बसतली काय त्या गाडीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: "पार्ट चुकीचा आला. रंग न खरवडता पाटी वाचली. चूक माझी." खाली तिचं पूर्ण नाव.

मी गिरणी कामगाराची नात. आमच्या घरात संपाच्या पत्रकांवर जेवणाची ताटं ठेवली जात. मालकाची चूक, सरकारची चूक, फितुरांची चूक, सगळं मी अक्षरओळख झाल्यापासून वाचत आले, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे असं आजही मानते. पण "चूक माझी" असं सांगणारं पत्रक मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "संपाच्या दिवसांत आमच्याकडे एक तरी असा फळा हवा होता."

नंतर मावशीनं थिनर आणि तारेचा ब्रश घेतला, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि एकेका गणपतीचा रंग खरवडून काढला. भगवा, पांढरा, मधेच कुठला तरी हिरवा. तळाशी आकडा निघाला. तिनं तीनचा आठ वाचला होता. दुसरा सिलिंडर येईपर्यंत आजोबांना खुर्चीत बसवून खाली उतरवावं लागे, पुढे टॅक्सी. प्रत्येक खेपेला मावशी खुर्चीचा एक पाय धरायला हजर. "काकानूं, माझ्यामुळे तुमका त्रास," म्हणायची. आजोबा म्हणायचे, "त्रास कसला, राजासारखा मिरवतोय!"

दुसरा सिलिंडर बसला. व्हॅन अजून धावते आहे, आजोबाही तिच्यातून जाऊन येतात. पाटीवर आता कुणी रंग मारत नाही. पोरं आधी तिच्यावर कागद चिकटवतात.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी मावशीला भावाकडे गावी नेलं. जाताना तिनं ब्रश आणि थिनरची बाटली माझ्या हातात दिली. मी काहीबाही लिहिते, हे तिला ठाऊक होतं. "गो बाय, लिवतंस तां बरां. पण लिवच्या आधी खरवडून बघ."

परवा व्हॅनसाठी नवे ब्रेक पाइप हवे होते. बॉनेट उघडून पाटी पुसली, आकडे दोनदा वाचले आणि त्याच जपानी विक्रेत्याला पाठवले. पुढे मावशीचं नेहमीचं वाक्य लिहीतच होते, तेवढ्यात त्याच्याकडून फोटो आला.

पाइप त्यानं आधीच उलटे करून ठेवले होते.