उजवीकडची खिडकी

निवृत्त झाल्यावर मी पहिलं तैलचित्र काढायला घेतलं, आणि आमच्या ह्यांनी त्यातली एक मोसंबी सोलून खाल्ली.

वरच्या खोलीत टेबलावर मी मांडणी करून ठेवली होती. पांढऱ्या धोतराची घडी, तिच्यावर पितळी तांब्या, तांब्यापुढं तीन मोसंब्या. हात लावू नये अशी चिठ्ठीही डकवली होती. पण हे जन्मभर अंबडच्या कोर्टात कारकून. मी भडकले तर शांतपणे म्हणाले, "चिठ्ठी टेबलाला लावली होती. मोसंबीला न्हाई." अशा माणसाशी भांडून काय उपयोग? तरी मी भांडलेच. शेवटी पायात चपला सरकवून ते बाजारात गेले आणि दुसरी मोसंबी घेऊन आले, पहिलीपेक्षा हिरवीगार. ती मी जागेवर ठेवली आणि डोकं तापलेलं असतानाच, उभ्याउभ्याच, रंगवून टाकली. बाकीच्या चित्राला मला महिना लागला होता. ही एका दुपारात झाली.

चित्र पुरं झाल्यावर ती एकटीच विचित्र दिसायला लागली. तांब्याची आणि इतर दोन मोसंब्यांची चमक डाव्या अंगाला, सावली उजवीकडं. हिचं सगळं उलटं. चित्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या ह्यांनासुद्धा ते दिसलं. "ही एक बाकीच्यांशी भांडून बसल्यासारखी दिसून राह्यली," असं म्हणून ते खाली जेवायला गेले.

मला तिची दुरुस्ती करायची होती, पण त्याहून मोठा घोर दुसराच होता. मी शाळेत चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे काय, जयंत्यांचे फळे रंगवले, गॅदरिंगचे पडदे रंगवले, पोरांकडून ग्रेड परीक्षेची तयारी करून घेतली. स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र त्या सगळ्या वर्षांत झालं नाही. निवृत्तीनंतर करू, असं मनाला सांगत राहिले. आता निवृत्ती आली, रंग आले, चित्र उभं करायचं ईझल आलं, आणि महिनाभर राबून जे कॅनव्हासवर उतरलं ते मेलेलं होतं. रेषा बरोबर, आकार बरोबर, आणि तरी जीव नाही. हात गेला, असं मला वाटायला लागलं. कुणाला सांगितलं नाही, पण रात्री अंथरुणावर पडलं की तेवढं एकच डोक्यात यायचं.

त्यातच कुंभार पिंपळगावच्या एका ओळखीच्या माणसानं आपल्या दोन पोरींसाठी वरची खोली मागितली. पोरी अंबडला शिकायला येणार होत्या. पोरी गुणी, माणूस सज्जन, नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी ह्यांना म्हणाले, "जालन्याच्या ताईंना चित्र दाखवून येते. त्या ठीक म्हणाल्या तर खोली माझी. न्हाई म्हणाल्या तर पोरींना द्या आणि ईझल शाळेला देऊन टाका." हे म्हणाले, "बराबर. निकाल लागू दे." त्यांना यात काही वाईट वाटलं नाही. मला फार वाटत होतं.

या ताई म्हणजे चित्रकलेच्या कॉलेजातल्या माझ्या सीनियर. त्याही पुढं चित्रकला शिक्षिकाच झाल्या, माझ्या आधी निवृत्त झाल्या, आणि जालन्यात घरी बसून सुरेख चित्रं काढतात. जीभ मात्र तिखट. आमच्या एका वर्गमित्रानं त्यांना एकदा निसर्गचित्र दाखवलं, तर बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, फ्रेम छान केलीस. त्यानं ब्रश ठेवला तो ठेवलाच. आता प्लॉटिंगचा धंदा करतो आणि बरा करतो. पण मला प्लॉटिंग येत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी ती उलटी मोसंबी सरळ करायला ब्रश हातात घेतला. हे दारात उभे. "आता न्हाई. ओला रंग गाडीत लोकांच्या कपड्याला लागंल, मंग तू अन् ते बसा भांडत. चला जल्दी, गाडी जाईल." माझा नाइलाज झाला. चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, टीव्ही आहे का? मी हो म्हणाले. बोलायच्या मनःस्थितीतच नव्हते.

ताईंनी चित्र खुर्चीवर उभं करायला लावलं आणि स्वतः गुडघे चोळत पार दारापर्यंत मागं गेल्या. डोळे बारीक केले. मग आतून हातात धरायचा आरसा आणला, चित्राकडं पाठ केली आणि खांद्यावरून आरशात बघायला लागल्या. आरशात चित्र उलटं दिसतं, मग डोळ्याला झालेली सवय मोडते आणि चुका सापडतात, हे मी शेकडो पोरांना सांगितलेलं. पण माझंच चित्र कुणी असं बघायला लागल्यावर मी बडबडत सुटले. रंग जुने होते, पांढरा संपत आल्ता, मधे लग्नाला गेल्ते. ताई म्हणाल्या, "चहा घे. निवंल तो."

मग येऊन त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या मोसंबीवर.

"ही कधी काढलीस?"

झालं, म्हटलं. "ती चुकलीय ताई. मी आज सकाळीच नीट करणार होते, पण ह्यांनी करू दिली न्हाई."

"त्यांना माझा नमस्कार सांग," ताई म्हणाल्या. "तुझ्या खोलीत खिडकी कुठल्या अंगाला आहे?"

"उजव्या."

"अन् दुसरी?"

"एकच आहे."

"मंग या तांब्याची सावली उजवीकडं कशी पडून राह्यली?"

मी चित्रातल्या तांब्याकडं बघितलं. खिडकी उजवीकडं, म्हणजे सावली डावीकडं पडणार. इतकी वर्षं पोरांना सांगत आले की उजेड डावीकडून धरा, चमक डावीकडं, सावली उजवीकडं. पोरांचा गोंधळ होऊ नये म्हणून केलेला नियम. फळ्यावर खडूनं किती तांबे काढले असतील, सगळ्यांना उजेड डावीकडूनच. खऱ्या तांब्यासमोर मी महिनाभर बसले, आणि काढला तो फळ्यावरचाच. एक मोसंबी तेवढी रागात काढली होती. रागात नियम आठवला नाही, समोर होतं ते बघून काढलं. आणि तिलाच मी दुरुस्त करायला निघाले होते.

"तांब्याचं तोंड बघ," ताई पुढं बोलत राहिल्या. "एवढं गोल कुठून दिसलं तुला? खुर्चीत बसल्यावर तांब्या डोळ्याच्या जवळपास येतो, तोंड चपटं दिसणार. हे वर्गातलं टेबल आहे, तू उभी अन् तांब्या खाली. अन् हे धोतर. पांढरं धोतर सावलीत पांढरंच राहतं का? या मोसंबीखाली बघ, हिरवट पिवळं कसं उतरलंय कापडावर. ते तू पाह्यलंस. बाकीचं तुला पाठ होतं म्हणून काढलंस."

मला धीर धरवला नाही. "ताई, खरं सांगा, माझा हात गेलाय का?"

"हात कशाला जाईल? हात चांगला चालतोय. बघायचं बंद झालंय तुझं. माझंही तसंच झाल्तं. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष मी घरात बसून शाळेचा फळाच काढत होते. मला सांगायला कुणी नव्हतं."

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. हात गेला असता तर त्याला इलाज नव्हता. बघायला लागणं एवढंच काम असेल तर ते करता येण्यासारखं होतं. ताईंनी पाणी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. स्वतःच्या स्वयंपाकघरातून तांब्या आणला, माझ्या खोलीसारखा उजव्या अंगाला उजेड येईल असा खिडकीशी ठेवला आणि त्यांचे रंग माझ्यापुढं मांडले.

मी ब्रश त्यांच्यापुढं धरला, म्हटलं, एकदा करून दाखवा. त्यांनी हात मागं घेतला. "मी हात लावला की ते माझं होईल. तू कर, मी सांगते."

आधी डावीकडची ती चमक घालवायची होती. तिच्यावर रंग चढवताना मला जिवावर आलं, कारण चित्रात तीच काय ती झोकदार दिसत होती. मग ताईंनी मला नुसतं बघायला लावलं. खरी चमक उजवीकडं होतीच, पण पांढरी नव्हती, थोडी निळसर होती, आणि तिच्याखाली पितळेचा रंग चक्क तपकिरी, एके ठिकाणी जवळजवळ काळा. मी पिवळा उचलला की ताई म्हणायच्या, "दिसून राह्यला का पिवळा? का नुसता माहीत आहे?" चारपाचदा माहीत होता म्हणून खाली ठेवला. तांब्याचं तोंड चपटं केलं, सावली डावीकडं टाकली. संध्याकाळी चित्र पुन्हा खुर्चीवर ठेवलं तर तांब्या कापडावर बसलेला दिसला. सकाळपर्यंत तो नुसता चिकटवलेला होता. अजून दोन मोसंब्या तशाच चुकीच्या होत्या, अख्खं धोतर चुकीचं होतं, आणि मी दोन मोठे कप चहा पिऊन आणि ताटलीभर पोहे खाऊन खूश होते.

येताना गाडीत ओलं चित्र दोन्ही हातांनी कडांना धरून बसले. कंडक्टरनं लांबूनच तिकीट दिलं.

घरी पोचले तर हे ओट्यावर वाट बघत उभे. मला पाहून गेट उघडलं, चित्राला हात न लावता बाजूला झाले.

"काय म्हणल्या?"

"सगळं चुकलंय म्हणल्या."

त्यांचा चेहरा पडला. एवढा पडेल असं मला वाटलं नव्हतं. थोडा वेळ ते गेटची कडी लावत बसले. मग हळूच म्हणाले, "बरं. मंग पिंपळगावला फोन करून सांगतो, खोली रिकामी करून देतो म्हणून."

"असं कसं देता? सगळं चुकलंय म्हणते ना मी. आता सगळं पुन्हा काढायचंय. खोली लागंल मला."