भारतमातेचा मुकुट

काकूंनी माझ्या लेकीच्या डोक्यावरचा मुकुट काढला. सगळ्यांसमोर. पिनांत केस अडकून ओढले गेले, तरी पोर रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगमधली पंधरा ऑगस्टची परेड. मराठी मंडळाचा ट्रक सजला होता आणि माझी लेक त्यावर भारतमाता होणार होती. मुकुट मीच केला होता, पुठ्ठ्याला जरीची पट्टी लावून. ट्रक निघण्याआधी नारळ फोडायचा, म्हणून गुरुजींनी संकल्पासाठी आमचं गोत्र विचारलं. मी म्हणाले, "गोत्र नाही. आम्ही बौद्ध."

एवढंच. मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या काकू गोड हसल्या, मुकुट काढला आणि मला बाजूला घेतलं. "ती मागे बॅनर धरेल, तिथेही क्यूट दिसेल. भारतमातेच्या लोक पाया पडतात गं. कळतंय ना तुला?"

कळलं. लहानपणापासून कळत आलंय. मुकुट दुसऱ्या मुलीला गेला आणि बॅनरची काठी माझ्या लेकीच्या हातात आली.

"आई, ॲम आय नॉट इंडियन?" तिने विचारलं. समर कॅम्पमध्ये एका मुलाने तिला ती अमेरिकन नाही असं नुकतंच सांगितलं होतं.

तेवढ्यात एक पिकअप शेजारी येऊन हळू झाला. मागे अमेरिकेचे दोन भलेमोठे झेंडे. काच खाली झाली. "गो होम," आतला माणूस म्हणाला. ओरडला नाही. मोबाइलवर आमचे चेहरे सावकाश टिपले, पुढे गेला आणि वळून परत आला.

ट्रकवरचं गाणं कुणीतरी बंद केलं. काकूंनी माझा हात घट्ट पकडला. "आपण सगळे एक आहोत ना गं," त्या पुटपुटल्या.

मला संतापाने हसू आलं. आपले कोण ते आधी ठरवायचं आणि उरलेल्यांना दार दाखवायचं, असाच देश करतात सगळे. त्याने काकूंना दाखवलं, काकूंनी मला. भीती होती तोवर मी आपली. ती सरली की पुन्हा बॅनरमागे.

मी हात सोडवला. "नाही काकू. एक नाही आहोत."

लेकीच्या हातातली काठी काढून खाली ठेवली. तिला सांगितलं, आपण कोण हे पुन्हा कुणाला विचारायचं नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टलाही मी जाणार. नारळ फुटण्याआधी माईक घेऊन नाव, गाव, जात मीच सांगणार. पिकअप येईल. येऊ दे. मग बघते, माझा हात कोण धरतं.