वडावर चढलेली आरुगेनी

“हळू बोला, माझी माणसं वर झोपलीत,” आरुगेनी वडाखालून जाताना हटकून म्हणायची. तिची माणसं म्हणजे सापसुरळ्यांचं बिऱ्हाड. हातभर लांब, शेवाळी रंगाच्या, शेपटीनं फांदी धरून चालणाऱ्या. दिवसा ढोलीत, अंधार पडला की पाला खायला बाहेर. जीभ भाजणारा वेलही मजेत चघळायच्या. त्या वर्षी ढोलीत पिल्लू होतं, आणि आई जवळ येईल त्याला चावत होती.

मलाइता बेटावरच्या आमच्या डोंगरात हा वड एका जुन्या झाडाला आवळून वाढलेला. लाकूडवाल्यांना आतलं झाड हवं होतं. आरुगेनीच्या सासरच्या भावकीनं होकार दिला. विधवेला कोण विचारतो? करवत आली त्या सकाळी तिनं टोपली माझ्या, शेजारणीच्या, हातात दिली आणि ती वर चढली.

बाई वर असली की पुरुषानं तिच्याखाली जायचं नाही. गेला तर तो बाटला. तिचा दीर माएलिआउ सावलीच्या कडेलाच थबकला.

“वहिनी, उतरा! लोक हसतायत.”

“हसू देत. तुम्हीच या की वर, भाऊजी!”

करवतवाला दुसऱ्या बेटावरचा. “तुमचे नियम तुमच्यापाशी. म्हातारी उतरेल आपोआप,” म्हणत तो थेट बुंध्याशी गेला.

“थांब रे! वर माणूस आहे!” माएलिआउ ओरडला. पण यंत्र सुरू झालं होतं. एक मूळ तुटलं. वड करकरला. आरुगेनीनं ढोलीच्या तोंडात हात रोवून फांदी कवटाळली. तिच्या दंडावरून रक्त ओघळलं. पिल्लाची आई चावली होती. तिनं हात काढला नाही.

माएलिआउचा पाय पुढे जाई, मागे येई. करवत दुसऱ्या मुळात शिरली, तसा तो डोळे मिटून धावला. वडाखाली. तिच्याखाली. करवतवाल्याला ढकलून त्यानं यंत्र बंद केलं.

मग एक गडी पुटपुटला, “आता हे झाड कोण तोडणार? इथं आपल्या भावकीचा प्रमुख बाटला.”

करवत परत गेली. त्या जागेला आता कुणी हात लावणार नव्हतं. आरुगेनी उतरली. सासरच्या गावात आपल्याला जागा उरली नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. माएलिआउ लांब दगडावर बसला होता. पितरांना डुक्कर वाहून शुद्ध होईपर्यंत त्यालाही घर बंद.

“वहिनी, अंगावर पडला असतात माझ्या.”

“तुम्ही गुबगुबीत आहात, भाऊजी. मला लागलं नसतं.”

तो हसला आणि लगेच त्यानं तोंड फिरवलं.

माझ्याकडून टोपली घेऊन ती भावाच्या गावाच्या वाटेला लागली. नेच्यांच्या झुडपात दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. माएलिआउ त्यानंतरही बघत होता.