एक चापट, एक नस

"आधी मार, मंग विचार," असं म्हणून तो चष्मा काढायचा, खिशात ठेवायचा आणि डावा गाल पुढे करायचा. चिखलीतल्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं नीटची तयारी करत होतो. माझी दुसरी खेप, त्याची चौथी.

पद्धत त्याचीच. मोबाईलवर कुणा मेंदूतज्ज्ञाचं भाषण ऐकून त्याला कळलं होतं की मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते. माणूस भ्याला की ती जागी होते आणि त्या वेळचं सगळं पक्कं बसतं. त्याच भाषणात पुरेशी झोप, थोड्या दिवसांनी उजळणी, पुस्तक मिटून आठवून पाहणं हेही होतं. पण त्यात हाणामारी नव्हती, म्हणून आम्हाला ते तितकंसं शास्त्रीय वाटलं नाही.

मी शंका काढली, तर म्हणाला, "बापानं पहिल्यांदा गिरणीच्या पट्ट्यानं हाणलं, तव्हा माह्या अंगात पिवळा सदरा होता. जेवाले अंबाडीची भाजी होती. शाळेतही जात नव्हतो मी. हे माह्याकडून कोणी पाठ करून घेतलं बे?"

मी बाह्या वर सारल्या.

त्याच्या वडिलांची नांदुऱ्याकडे पिठाची गिरणी होती. या खेपेला नंबर लागला नाही तर त्यानं गिरणीवर बसायचं, असं ठरलं होतं. म्हणजे जन्मभर त्या पट्ट्याच्या टप्प्यात. "एमबीबीएसले लागलो का घरी जाचं कामच नाही," एवढंच त्याचं वैद्यकशास्त्रावरचं प्रेम.

माझी पहिलीच चापट त्याच्या कानावर बसली आणि अंगठा माझा मुरगळला. मार खायची पाळी माझ्यावर आली तेव्हा ओठ फुटला. धडा काही आठवेना, त्याच्या बोटातली अंगठी तेवढी लक्षात राहिली. घरमालकीण मावशी दारात येऊन म्हणाली, "डॉक्टर व्हाले आले का पेशंट?"

पण त्याचं जमत होतं. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा मी त्याच्या गालावर ओळीनं ठोकून बसवल्या. एक चापट, एक नस.

परीक्षेच्या तोंडावर क्लासनं सराव चाचणीचे मार्क घरी कळवले आणि वडील खोलीवर आले. पिशवीतून पट्टा काढला आणि त्याच्या पाठीत घातला.

"ऑल्फॅक्टरी," तो म्हणाला.

दुसरा फटका. "ऑप्टिक."

"बापाले इंग्रजीत शिव्या देतं?" वडील गरजले आणि मग त्यांनी हात मोकळा सोडला. तो मुद्दाम करत नव्हता. फटका बसला की तोंडातून नस निघत होती. सातव्या नसेला सदरा फाटला, दहाव्या नसेला पाठीतून रक्त आलं. आणि मी काय करत होतो? चहाचा कप धरून क्रम बरोबर आहे का, ते मोजत होतो.

"हायपोग्लॉसल." बारा पुऱ्या झाल्या आणि वडिलांना धाप लागली. ते जिना उतरले, तेव्हा तो जमिनीवरूनच मला म्हणाला, "पाह्यलं? एकही चुकली नाही."

पेपरात नसा आल्या. बुलढाण्याच्या केंद्राबाहेर तो पांढराफटक उभा होता. "काहीच आठवलं नाही बे. अंदर मले कोणी मारलंच नाही."

वडील फाटकापाशी मोटरसायकल घेऊन आलेच होते. त्यांनी तोंड पाहिलं आणि हात उचलला. त्यानं मनगट धरलं आणि असं पिरगाळलं की वडील गुडघ्यावर आले. गाडी आडवी झाली. त्याची दुसरी मूठ वर गेली. वडिलांनी डोळे घट्ट मिटले.

मूठ तशीच वर राहिली. माणसं जमली. तो वाकून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहत होता. मग म्हणाला, "आता तुमच्याही ध्यानात राहीन," आणि हात सोडून चालू लागला.

कोपऱ्यावर शेगावची एसटी हळू झाली, त्यात तो चढताना मला दिसला. शेगावला स्टेशन आहे. पुढे कुठंही जाता येतं.

वडील धूळ झटकत उठले. "कुठं गेला बे तो?"

"चिखलीले," मी म्हणालो. "खोलीवर."

त्यांनी गाडी उचलली आणि किक मारली. तो पुन्हा ना चिखलीत दिसला, ना नांदुऱ्याला. त्या दिवशी माझी पुष्कळ उत्तरं चुकली. जाणूनबुजून चुकवलेलं तेवढं एकच.