यादीतून गळालेले जाधव

टेबलावर दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून बाबाराव जाधव म्हणाले, "मॅडम, ह्या दोघी बी आमच्याच घरच्या. ही माझी मंदा, ही भावाची सुनंदा. दोघींला बी चारशे सदतीस मार्क. सुनंदाचं नाव यादीत हाय, मंदाचं न्हाई. का न्हाई, एवढंच इचारायला आलोय."

बाबाराव पेडगावचे शेतकरी. यादी होती डी.एड.च्या प्रवेशाची. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. डी.एड. झालं की शाळेत नोकरी जवळजवळ नक्की, त्यामुळे ती यादी लागली की परभणीतल्या आमच्या कार्यालयाचं आवार माणसांनी भरून जायचं. मी तिथं प्रोग्रॅमर होते. त्या वर्षी पहिल्यांदाच यादी हातानं न करता कॉम्प्युटरवर केली होती. प्रोग्रॅम मात्र माझा नव्हता, पुण्याच्या एका कंपनीनं दिलेला होता.

मी नोंदी पाहिल्या. मंदाचा फॉर्म आलेला होता, पोचपावती दिलेली होती, कॉम्प्युटरमध्ये तिची नोंदही होती. गुण बरोबर. यादी चारशे एकतीसवर थांबलेली. म्हणजे मंदा सहज आत हवी होती. ती प्रतीक्षा यादीतही नव्हती.

मी साहेबांकडे गेले.

"कॉम्प्युटर चुकत नसतो," साहेब म्हणाले. "फॉर्म अपुरा असेल."

"फॉर्म पूर्ण आहे सर. नोंदही आहे."

"मग त्यांनीच रद्द केला असेल. यादीवर माझी सही झालेली आहे. आता त्यात हात घालू नका."

प्रवेशाला दहा दिवस उरले होते. बाहेर व्हरांड्यात बाबाराव बसून होते. मी त्यांना सांगितलं, "काका, चूक तुमची नाही. कुणाची आहे ते शोधते." ते म्हणाले, "शोधा. पर लवकर शोधा. घरात दोघी एकमेकींसंग बोलंनात."

आमचे हेड क्लार्क सोनटक्के मामा निवृत्तीला आलेले. जुन्या याद्या त्यांनीच वर्षानुवर्षं हातानं केलेल्या. मी सगळ्या नोंदींचा प्रिंट काढला, मामांनी पट्टी घेतली आणि आम्ही दोघांनी तो लागलेल्या यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. दीड दिवस गेला. अकरा मुली गळाल्या होत्या.

मामांनी ती अकरा नावं कागदावर उतरवली आणि बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "बाई, ह्यात एक बी अवघड आडनाव न्हाई बघा. जाधव, कदम, शिंदे, पवार, कांबळे. गावोगाव सापडणारी."

मग आम्ही प्रत्येक नाव पुन्हा तपासलं. गळालेल्या प्रत्येक मुलीच्या आडनावाची आणि तितक्याच गुणांची दुसरी एक मुलगी यादीत होती. दोन जाधव, दोघींना चारशे सदतीस. पहिली यादीत राहिली, दुसरी गळाली.

मी पुण्याला एसटीडी लावला. कंपनीचा माणूस म्हणाला, "तुमची डेटा एंट्री तपासा."

"तपासली. मला सोर्स कोड पाठवा."

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. मशीनसाठी त्याचं रूपांतर करून जी फाइल देतात, ती माणसाला वाचता येत नाही. आमच्याकडे फक्त तीच होती.

"सोर्स कोड कंपनीची मालमत्ता आहे मॅडम. तो कुणालाच देत नाही."

त्यानं फोन ठेवला. अकरा मुली बाहेर बसल्या होत्या आणि त्या का बाहेर बसल्या, हे वाचायचा अधिकारसुद्धा आम्हाला नव्हता.

मग मी ती मशीनची फाइलच उघडली. सगळी अगम्य चिन्हं. पण अशा फाइलीत कधीकधी इंग्रजी शब्द तसेच राहून जातात. पानामागून पान सरकवताना एक ओळ दिसली. एका परदेशी माणसाचं नाव, एका लायब्ररीचं नाव आणि आवृत्तीचा आकडा. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा. ही लायब्ररी मला ऐकून माहीत होती. ती फुकट मिळायची, सोर्स कोडसकट. लिहिणाऱ्यानं सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. जी कंपनी मला एक ओळ दाखवायला तयार नव्हती, तिनं यादी लावायचं मुख्य काम अशा उघड्या कोडवर उरकलं होतं.

औरंगाबादला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे एक सर असे खुले प्रोग्रॅम गोळा करायचे. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळची गाडी पकडली. सरांनी कपाट उघडलं. चाळीसेक फ्लॉपी होत्या. "कशात काय आहे हे मलाही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "शोधा."

त्या काळी शोधायचं म्हणजे एकेक फ्लॉपी घालायची, सगळ्या फाइलींमध्ये एक शब्द शोधणारा छोटा प्रोग्रॅम चालवायचा आणि वाट पाहायची. सोळाव्या फ्लॉपीत ती लायब्ररी मिळाली. सोबत तिची माहितीची फाइल. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं, की नवी नोंद सूचीत घालताना तशीच ओळखीची खूण आधीपासून असेल तर हे फंक्शन, म्हणजे लायब्ररीतला नोंद घालणारा कोडचा तुकडा, ती नोंद घालत नाही आणि शून्य हे उत्तर परत देतं. उत्तर तपासणं वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.

कंपनीनं खूण केली होती गुण आणि आडनाव जोडून. दोन जाधव, चारशे सदतीस, म्हणजे खूण तीच. लायब्ररी शून्य सांगत होती, प्रोग्रॅम ऐकत नव्हता.

मी तिथंच थांबले नाही. हीच लायब्ररी वापरणारे आणखी तीन प्रोग्रॅम त्या फ्लॉपींत सापडले. एक ग्रंथालयाचा, एक पत्त्यांच्या वहीचा, एक दुकानातल्या मालाचा. लिहिणारे तीन वेगळे लोक. तिघांनीही ते उत्तर तपासलेलं होतं. पत्त्यांच्या वहीवाल्यानं तर शेजारी लिहून ठेवलं होतं, एकाच नावाची दोन माणसं असू शकतात. फावल्या वेळात, फुकट लिहिणाऱ्याला हे कळत होतं. मला इतका राग आला की सरांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

परभणीला येऊन मी कंपनीला पुन्हा फोन केला आणि माहितीच्या फाइलीतली ती शून्याची ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "हा प्रोग्रॅम आणखी दोन जिल्ह्यांत चालू आहे. तिकडून काही तक्रार नाही."

"तिकडं कुणी मोजलं नसेल," मी म्हणाले.

साहेबांपुढे मी छापील पानं ठेवली. सोनटक्के मामा माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ह्या अकरा मुली यादीत नसतील तर त्या यादीवर मी टिपणी लिहिणार न्हाई." तीस वर्षांत ते साहेबांशी असं बोलले नसावेत. साहेबांनी शुद्धिपत्रक काढलं. मी मसुद्यात खरं कारण लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी लिहिलं, 'टंकलेखनातील त्रुटीमुळे.'

मंदाला प्रवेश मिळाला. अकरापैकी दहा मुलींना मिळाला. अकरावी चुडाव्याची होती, कांबळे. प्रवेशाची मुदत संपल्यावर दोन दिवसांनी ती एकटीच आली. "कागद काल आला मॅडम," म्हणाली. साहेबांनी तिला पुढच्या वर्षी अर्ज करायला सांगितलं. ती त्यांना म्हणाली, "पुढल्या वर्षी मला घरचे भरू देतेत का? तुमी लिहून द्या तसं." साहेब फाइल चाळत राहिले. ती माझ्याकडे वळली. तिनं कागदाची घडी घातली आणि गेली.

त्या दोन जिल्ह्यांच्या कार्यालयांना मी रजिस्टर पत्रं पाठवली, सोबत त्या पानाच्या प्रती. पोच आल्या. उत्तर आलं नाही. कंपनीला पुढच्या वर्षीचंही काम मिळालं.

त्यानंतर मी जितके प्रोग्रॅम लिहिले, त्या प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ छापून येते. नोंदी आत गेल्या किती, बाहेर आल्या किती. दोन आकडे जुळले नाहीत तर यादी छापलीच जात नाही. ही ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात.