बंद केलेली पट्टी

आमच्या पाचजणींच्या हादग्याच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. प्रत्येकीपुढे वेगळा माइक होता. नंतर रेकॉर्डिंगवाल्या दादांनी कॉम्प्युटरवर एकाखाली एक पाच रंगीत पट्ट्या दाखवल्या. एकेक पट्टी म्हणजे एकेकीचा आवाज. सगळ्यात खालची पिवळी माझी.

आमच्या म्होरक्या शालूताई म्हणाल्या, "हिचा सूर उतरलाय. हिची पट्टी बंदच करा."

मी मान हलवली.

दादांनी पट्टी बंद करून गाणं लावलं, तर त्यात मी होतेच! बारीक, लांबून हाक मारल्यासारखी.

"या मावशी तुमच्या शेजारी उभ्या होत्या ना," दादा माझ्याकडे बोट दाखवत शालूताईंना म्हणाले. "त्यांचा आवाज तुमच्या माइकमध्येही आलाय. तो काही निघायचा नाही."

"एरवी तोंड उघडत नाही, आणि बघा, आमच्या घरात शिरून बसली!" शालूताई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण डोक्यात वेगळंच चाललं होतं. मी त्यांच्या पट्टीत असेन, तर माझ्या पट्टीत त्याही असणार. मग बंद कोण झालं? इतकी वर्षं कुणाला अडचण नको म्हणून मी हळू गात आले. मी स्वतःला मागे ठेवत होते, की या चौघींच्या गळ्यात ठेवत होते? माझं एकटीचं असं त्यात किती?

"काय करू मावशी? तुमची पट्टी ठेवू की काढू?" दादांनी विचारलं.

"ठेवा."

इतक्या मोठ्यानं आलं ते, की कोण बोललं म्हणून मीच मागे वळून पाहिलं.