कागदाची पांढरी कड

प्रयोगशाळेत तिला सगळे चौकोनताई म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत यंत्राला बघायला शिकवायचं काम चाले. पण कॅमेरा म्हणजे अगदीच भोळा कारभार. जवळचा खोका आणि लांबचं घर, त्याला दोन्ही सारखीच. म्हणून त्याच्यापुढे आधी काळ्यापांढऱ्या चौकोनांचा पट धरायचा आणि बजावायचं, बाबा रे, ह्यातला एक चौकोन एवढा. आता बाकीचं जग ह्याच मापाने मोज. हे बजावणारा प्रोग्राम ताईने लिहिला होता. ती ना प्राध्यापक, ना विद्यार्थी. कंत्राटावर आली आणि हिला कधीतरी जायचं होतं हे सगळे विसरूनच गेले, अशी तिची नोकरी.

प्रोग्राम फुकट होता. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. अडलं तर एका उघड्या पानावर तक्रार लिहावी, ती साऱ्या जगाने वाचावी. घरी सासऱ्यांना ह्याची भारी गंमत वाटे. “सूनबाई, तुमचं दुकान कसलं म्हणायचं हे? माल फुकट आणि तक्रारी घरपोच!” ताई हसायची. तिला त्या दुकानाचा अभिमान होता, आणि का नसावा?

एक दिवस त्या पानावर तक्रार आली. लिहिणारा कृत्रिम पाय बनवणारा कारागीर होता, कुठल्याशा लांबच्या गावातला. तो काय करी, तर तुटलेल्या पायाशेजारी चौकोनांचा कागद ठेवून फोटो काढी, ताईच्या प्रोग्रामकडून माप घेई आणि त्या मापाचं सॉकेट बनवी. सॉकेट म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी. त्याने लिहिलं होतं, “मॅडम, तुमची नवीन आवृत्ती घेतल्यापासून सॉकेटं सैल येतायत. आधी वाटलं माझाच हात बिघडला. पण काल एक मुलगी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. कातडी सोलवटलीय. तिने पाय पलंगाखाली ढकलून दिलाय, आता घालणारच नाही म्हणते. तुमच्यावर राग नाही, पण कुठे चुकतंय तेवढं सांगा.”

ताईने ते दोनदा वाचलं. राग नाही म्हणे! चांगल्या चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कारण नवीन आवृत्तीत तिने नेमका चौकोनांचे कोपरे शोधणारा भाग मुळापासून बदलला होता. सगळे सांगत होते, बाई गं, चालतंय ते कशाला उकरतेस? पण हिला हौस. आता त्या हौसेपायी एक पोर पायऱ्यांवरून गडगडली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, तिच्या टेबलापाशी आले. “नवीन आवृत्ती मागे घे,” ते म्हणाले. “मग शोध काय शोधायचं ते.”

तिने घेतली. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंही, की तूर्त ह्या मापांवर विसंबू नका. लिहिताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शोध सुरू झाला. प्रयोगशाळेतला धातूचा पट कॅमेऱ्यासमोर धरून तिने जुनी आवृत्ती चालवली, नवी चालवली. दोन्हींची मापं केसभरही हलेनात. कुणालाही आनंद झाला असता; ताई मात्र आणखीच घाबरली. चूक दिसत नाही म्हणजे ती नक्कीच खोल कुठेतरी दडून बसलीय, हा तिचा हिशोब.

घरी ताटावर बसली, पण घास उतरेना. सासऱ्यांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. “फार लागलंय का गं पोरीला?” त्यांनी विचारलं.

“खरचटलंय, बाबा. पण ती परत पाय घालेल का, सांगा.”

त्यांनी आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी कारागिराने फोटो पाठवले. तिने ते प्रोग्रामला घातले, आकडे काढले, आकड्यांवरून आणखी आकडे काढले. डोकं उठलं. शेवटी चहाचा कप घेऊन ती टेबलापासून जरा लांब उभी राहिली आणि तिथून तिची नजर फोटोवर गेली. कागदाला चारी बाजूंनी पांढरी कड होती.

कड कशी असेल? प्रोग्रामसोबत छापायला दिलेला तो पट तिनेच आखला होता, कागदभर, पार काठापर्यंत. धातूच्या पटाच्या नादात प्रयोगशाळेत कागद कुणी छापतच नसे, ही गोष्ट वेगळी. तिने कप ठेवला, त्यातला निम्मा चहा टेबलावर सांडला, आणि कारागिराला फोन लावला.

“पट्टी आहे का जवळ?”

“पट्टीशिवाय कसं चालेल मॅडम आमचं?”

“कागदावरचा एक चौकोन मोजा बरं.”

पलीकडे खुडबुड झाली. “मॅडम, हा भरत नाही हो. कमी आहे.”

“कागद नवा आहे?”

“जुना फाटला. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. त्याच दिवशी तुमची आवृत्ती घेतली, म्हटलं सगळंच नवं करू.”

दुकानातल्या छपाईयंत्राने चित्र पानात नीट मावावं म्हणून ते जरासं लहान केलं होतं, बस्स! चौकोन लहान झाला, प्रोग्राम त्याला पूर्ण मापाचा समजला, आणि पाय होता त्याहून मोठा मोजत राहिला. ताईचा जीव भांड्यात पडला. ती स्टुलावर मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. सर धावत आले, त्यांना वाटलं काही भलतंच झालं.

फोनवर कारागीर मात्र रडकुंडीला आला होता. “चूक माझीच. त्या पोरीला आता काय तोंड दाखवू?”

“तोंड नका दाखवू, पाय दाखवा! लवकर करा नवा. आणि चूक तुमच्या एकट्याची नाही. कागद चुकू शकतो हे मला सुचायला हवं होतं.”

नवीन आवृत्ती पुन्हा बाहेर पडली, एका भरीसह. आता प्रोग्राम आधी विचारतो, कागदावरचा चौकोन पट्टीने मोजून सांगा. सांगितल्याशिवाय पुढे हलत नाही. सर म्हणाले, “लोक वैतागतील.” ताई म्हणाली, “वैतागू देत की.”

मग एका सुट्टीच्या सकाळी कारागिराचा व्हिडिओ आला. ताईने तो सासऱ्यांपुढे धरला. भिंतीला धरून एक मुलगी उभी. एक पाऊल, थांबली. दुसरं पाऊल. खाली वाकून पायाकडे बघितलं, कारागिराकडे बघितलं, आणि एकदम दिसेनाशीच झाली. “अगं थांब! हळू! अगं ए!” कारागीर ओरडत होता, कॅमेरा तिला शोधत इकडेतिकडे भिरभिरत होता. शेवटी पडद्यावर नुसती फरशी उरली.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. “ह्यात तर काहीच दिसत नाही, सूनबाई.”

“नाहीच दिसणार, बाबा,” ताई डोळे पुसत म्हणाली. “पळाली ती!”